रुपयाएवढं आभाळ

माझ्या चित्रकलेच्या क्लासला येणारी बहुतेक मुलं एलिमेंटरी नाहीतर इंटरमिजिएट ह्या ड्रॉइंगच्या परीक्षांची तयारी करत असतात. स्मरणचित्र काढायला सांगितलं की कागदाच्या वरच्या भागात निळ्या रंगाचा एक सपाट पट्टा येतो, त्यात कापसाचे तीन ढग. हात चुकत नाही त्यांचा. वर बघितलेलंच नसतं. म्हणून दर महिन्याच्या एका रविवारी परीक्षेची तयारी बाजूला ठेवून आम्ही गच्चीवर बसतो आणि आकाशाची वही करतो. जाड, 300 जीएसएमचा कागद. त्यावर जलरंग, ॲक्रिलिक, टिश्यू पेपर, जुन्या हिशेबाच्या वहीची पानं, मीठ, दोरा, काय सापडेल ते. प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ लिहायचीच.

ऑक्टोबरातला रविवार होता. दुपारी परतीच्या पावसाची एक सर येऊन गेलेली, गच्चीची फरशी अजून ओली. आधी आम्ही निळाईची पट्टी केली. 1789 मध्ये सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं आकाशाचा निळेपणा मोजायला पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत निळ्या छटांची चकती केली होती. आम्ही प्रशियन ब्लूमध्ये थोडं थोडं पाणी वाढवत दहा छटांवर भागवलं. पट्टी डोळ्यांसमोर धरून मुलांनी आधी डोक्यावरचं आकाश जुळवलं, मग हळूहळू खाली, क्षितिजापर्यंत. वर सातवी छटा, खाली जेमतेम दुसरी. "बाई, खाली तर पांढरंच आहे!" असं एक मुलगी ओरडली तेव्हा मला फार बरं वाटलं. वर्षभर सांगून जे कळलं नसतं ते तिनं स्वतः मोजून काढलं होतं.

मग ढग. ओल्या निळ्यावर चुरगळलेला टिश्यू दाबून उचलला की रंग त्याच्याबरोबर निघून येतो आणि ढगाची मऊ कड उरते. कापसाच्या बोळ्यानं तशी कड येत नाही. मिठाचे खडे टाकले की ते रंगाचं पाणी ओढून घेतात आणि भोवती चांदण्यांसारखे डाग पडतात. पण हवेत ओल असली की मीठ नुसतं विरघळतं. त्या दिवशी तसंच झालं.

साडेपाचच्या सुमाराला उजेड बदलला. सांगलीजवळच्या हरिपूरच्या बाजूचे ढग खालून पिवळे झाले आणि तो पिवळा समोरच्या भिंतींवर, मुलांच्या तोंडावर उतरला. पेटीतला एकही पिवळा त्याला लागू होईना. लेमन यलो थंड पडत होता, क्रोम यलो जड. तेवढ्यात कठड्याला टेकून बसलेले आप्पा बोलले, "बाई, ह्यो हळदीचा रंग हाय. डब्यातला कशाला बघतायसा?"

आप्पा म्हणजे आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा. उभा जन्म हळदीच्या पेठेत हमाली केलेली. नातवाला सोडायला येतात आणि क्लास सुटेपर्यंत कोपऱ्यात बसून राहतात. तोवर मी त्यांना चहापलीकडे काही विचारलं नव्हतं.

खाली जाऊन हळदीचा डबा आणला. पाण्यात हळद विरघळेना, कागदावर नुसते कण बसले. हळदीचा रंग पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये उतरतो, म्हणून करोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली शोधली आणि त्यात कालवली. त्याबरोबर नातवाच्या पानावर तो पिवळा असा पसरला की आम्ही सगळे गप्प झालो. आप्पांनी बंडीच्या खिशातून चुन्याची डबी काढली. "आता लाल बगा." पोरांना लांब केलं, कारण चुना हाताला आणि डोळ्याला वाईट. जुन्या ब्रशच्या टोकाला नखभर चुना घेऊन पाण्यात कालवला आणि पानाच्या तळाशी एकच फटकारा मारला. ब्रश गेला तिथं पिवळ्याचा लाल होत गेला. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणानं, हे मला ठाऊक होतं. पण ते आकाश रंगवायला कधी सुचलं नव्हतं, इतकी वर्षं हळदीच्या गावात राहून. सव्वासहाला समोरचं आभाळही तसंच खालच्या कडेनं लाल झालं.

मी आप्पांपुढे एक कोरं पान ठेवलं. म्हटलं, "तुम्ही बघितलेलं आभाळ काढा." त्यांनी बराच वेळ पानाला हात लावला नाही. मग माझ्याकडून बांगडी मागून मधोमध एक गोल काढला. कुंडीतली माती फेव्हिकॉलमध्ये कालवून ती गोलाबाहेर बोटांनी थापली, पार कडांपर्यंत. मातीच्या आत, गोलाभोवती, कोरडी हळद चोळली. गोल कोराच ठेवला.

"ह्ये पेव. जिमिनीतलं हळदीचं कोठार, हरिपूरचं. तोंड बारकं, पोट मोठं. हळकुंडं काढायला आमी आत उतरायचो. तोंड उघडून लय येळ ठेवायला लागायचं, न्हाईतर आतल्या हवेनं मानूस जायचा. खालनं वर बगितलं की आभाळ रुपयाएवढं. निळं न्हाई दिसायचं, पांढरं. डोळं दिपायचं."

"आणि हे पिवळं?"

"धुराळा. नाकात, कानात, समद्या अंगावर."

2005च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं, हळद गेली आणि बहुतेक पेवंही गेली. आप्पा त्याबद्दल एवढंच बोलले, "मग गोडाऊन आली. तितं आभाळ न्हाई दिसत." नातू त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. आपले आजोबा जमिनीखाली उतरायचे हे त्याला त्या संध्याकाळी कळलं.

मुलांना मी नेहमी पानाचा किती भाग आकाशाला द्यायचा ते सांगत आले. क्षितिज खाली घ्या, वर जागा सोडा. ह्या पानावर आकाश होतं बांगडीएवढं आणि बाकी सगळी माती, तरी वहीतल्या दुसऱ्या कुठल्याही पानापेक्षा त्यात वर बघणं जास्त होतं. मी खाली तारीख लिहायला लागले तर आप्पांनी अडवलं. "आजची कशाला? ह्ये आजचं न्हाई." मग वर्ष विचारलं. त्यांना आठवेना. नातवानं पेन्सिलीनं लिहिलं, "आप्पा तरणे असताना, दुपारी."

लाल फार टिकला नाही. पुढच्या रविवारी वही उघडली तर नातवाच्या पानावरचा फटकारा मळकट तपकिरी झाला होता. हळदीचा रंग उन्हातही उडतो, म्हणून ती पानं बटर पेपर घालून मिटूनच ठेवायची असं ठरवलं. नातू हिरमुसला, पुन्हा चुना लावूया म्हणाला.

आप्पा त्या दिवशी कठड्याशी बसलेच नाहीत. आल्या आल्या पिशवीतून पोत्याचा एक तुकडा काढला, हळदीनं अजून पिवळा असलेला, आणि माझ्यापुढे धरला.

"बाई, ह्याला कुठला डिंक लागंल?"

"फेव्हिकॉलच, आप्पा. पण पाणी न घालता."