माहेर बौद्ध, सासर बंगाली

चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली लोकांची गावंच्या गावं आहेत, गडचिरोलीबाहेर हे कुणाला पटत नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं इथं जमिनी दिल्या, तेव्हा हा चंद्रपूर जिल्हाच होता. माझ्या सासूबाई लहानपणी खुलन्याहून निघाल्या, रायपूरजवळच्या माना कॅम्पात राहिल्या आणि मग इथं आल्या. मी इथलीच, बौद्ध घरातली. आम्ही रजिस्टर लग्न केलं, कोणत्याच बाजूचे विधी नकोत असं दोघांनी ठरवलं होतं, अन् ते ठरवणं लग्नापुरतंच टिकलं.

आधी शाखा-पोला, म्हणजे लग्न झालेल्या बंगाली बाईच्या पांढऱ्या-लाल बांगड्या, आणि सिंदूर. सासूबाईंच्या मते शंखाची बांगडी काढली की नवऱ्याच्या जिवाला धोका. माझ्या माहेरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या, १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला दिलेल्या. देवीपुढे हात जोडायचा प्रश्नच नाही. दुर्गापूजेत मी खिचुडी वाढते, भांडी घासते, पण अंजली द्यायला, म्हणजे देवीला फुलं वाहायला, बसत नाही, आणि दरवर्षी कुणीतरी बाई बोलतेच की बौमाला, म्हणजे सुनेला, लई गर्व. फार लागतं हो ते. हात न जोडणं म्हणजे त्यांच्या देवीचा अपमान नाही.

मग लेकीचा मुखेभात आला. बंगाल्यांत बाळाला पहिला भात मामा भरवतो. माझा भाऊ विहारात वंदना घेणारा, तो फोनवर म्हणाला, "मामा म्हनून येतो बाई, पन पूजेले बसनार नाही अन् टिळाही लावनार नाही." सासूबाई रडल्या. म्हणाल्या, देश गेला, घर गेलं, नदी गेली, ठाकुर, म्हणजे देव, तेवढे सोबत आले, आता तेही घरातून काढू? यावर मी काय बोलणार. पण म्हणून लेकीचं सगळं त्यांनी एकट्यानं ठरवायचं, हेही मला मान्य नाही.

सासरे मतुआ, बंगालमधल्या दलितांच्या पंथातले, त्याचे संस्थापक हरिचांद ठाकुर यांना मानणारे. ते म्हणाले, आपल्या ठाकुरांनी भटजी कुठं सांगितला, मामाला यायचं तसं येऊ दे. सासूबाईंनी पहाटे एकटीनं पूजा उरकली, दुपारी भावानं पायेश, म्हणजे तांदळाची खीर, भरवलं, आणि मग तो अन् सासरे बंगालचे दलित नेते जोगेंद्रनाथ मंडल यांच्यावर बोलत बसले, १९४६ ला त्यांच्या मदतीनंच बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर गेले होते ना. एवढं जवळचं नातं असून आमच्या घरात हा ताण का, मला खरंच वाईट वाटतं.

नवरा मात्र या सगळ्यात गप्प. "तुम्ही दोघी समजून घ्या" म्हणतो आणि धानाच्या बांधीत निघून जातो.

आता लेकीचं नाव शाळेत घालायचंय. फॉर्मवर धर्माचा रकाना आहे, सासूबाईंना हिंदू हवं, मला बौद्ध. नवऱ्यानं तो रकाना कोराच ठेवून फॉर्म माझ्याकडे दिला. मी तो परत त्याच्यापुढे ठेवलाय, या वेळी त्यानं आईसमोर आणि माझ्यासमोर स्वतःचं मत सांगावं, काहीही असो.