तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा तो लाल गोल

घरी कोणीही आलं की चहा यायच्या आधी प्रश्न येतो, हॉलच्या भिंतीवर एवढा मोठा लाल गोल कसला, वास्तूवाल्याने सांगितला काय?

नाही हो, वास्तूबिस्तू काही नाही. ती कावीची नक्षी आहे, कावी म्हणजे गोव्या-कोकणातल्या देवळांच्या भिंतींवरची लाल-पांढरी कला. खरं तर कावीसारखी, कारण आमची गोव्यात फोंड्यातल्या फ्लॅटची भिंत सिमेंटची आणि वर गेरूच्या शेडचा डबा उघडून मारलेला रंग. खरी बघायची तर मोरजीला मोरजाईच्या देवळात जा. तिथे सगळं उलटं, चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर कावेचा, म्हणजे लाल मातीचा, थर देतात आणि मग तो लाल टोकदार सळीने खरवडायचा की खालचा पांढरा चुना वर येतो, तीच नक्षी. गिलावा सुकायच्या आत उरकायला लागतं.

आणि कावीत गोलच गोल का, तर माझं मत विचाराल तर गोल काढायला सोपा म्हणून! एवढ्या भिंतीवर चौकोन काढून बघा, चारही कोपरे काटकोनात आणताना घाम फुटेल. गोलाला एक खिळा नि दोरी पुरे. मग दोरीचं माप तेच ठेवून खिळा गोलाच्या कडेवर धरायचा, आत कमान मारायची, कमान जिथे कडेला कापते तिथे परत खिळा, असं करत गेलं की बरोब्बर सहा पाकळ्यांचं फूल होतं आणि आपण पहिल्या जागी परत. शाळेत वहीच्या मागच्या पानावर कंपासने सगळ्यांनीच केलंय हे.

अर्थ नंतर चिकटतात. गोव्यातच सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर एकात एक गोल कोरलेत, अर्थ कोणी लिहून ठेवलेला नाही, तरी तिथे गेलेला प्रत्येक जण ठामपणे एकेक सांगतो. चित्रकार एस. एच. रझांचा बिंदू वेगळा, लहानपणी त्या चंचल पोराला मास्तरांनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसवलं, तोच पुढे चित्रांत आला, तो अर्थ त्यांनी कमावलेला. शोरूममधल्या गोल आरशावर ‘पॉझिटिव्ह एनर्जी’चं स्टिकर लावून किंमत वाढवतात त्याला मात्र मी हसते.

आरसा छान दिसतो हे खरंय, पण कारण साधं, फ्लॅटमध्ये दार, खिडकी, टीव्ही, टाइल्स, सोफा सगळंच कोपऱ्यांचं, त्यात एक गोल आला की नजर तिथे जाते. एकच हं. आरसा, रग, घड्याळ, लॅम्प सगळंच गोल आणलंत तर कशाकडेच जाणार नाही.

तुम्हाला काढायचा असेल तर या रविवारी, दोरी माझ्याकडे आहे. फक्त खिळा ठोकायच्या आधी आतून वायरिंग जात नाही ना, ते इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या.