तुंबलेला संडास आणि ॲसिडची बाटली

आमच्या सोसायटीच्या देखभालीचे काम पाहत असल्यामुळे संडास तुंबल्याची तक्रार बहुतेक वेळा प्रथम माझ्याकडे येते, आणि तोवर त्या घरात ॲसिडची अर्धी बाटली भांड्यात ओतून झालेली असते. ही सवय सुटावी, असे मला मनापासून वाटते. तुंबणे ही आधी जागा शोधण्याची आणि मग हात चालवण्याची बाब आहे.

भांड्यातील पाणी वर चढताना दिसले, तर फ्लश पुन्हा दाबू नये. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करावा आणि थोडा वेळ थांबून पातळी पाहावी. पाणी सावकाश का होईना, पण उतरत असेल, तर अडथळा अर्धवट आहे. ते जागचे हलतच नसेल, तर वाट पूर्ण बंद झाली आहे. त्यानंतर न्हाणीघरात जाऊन बादलीभर पाणी ओतावे. तेथील पाणी नेहमीसारखे वाहून गेले, तर दोष बहुधा त्या एका भांड्यापुरता असतो. मात्र नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे न्हाणीघरातील पाणी जाण्याच्या भोकाच्या, जाळीतून बुडबुडे आले किंवा घाण पाणी उलटे वर आले, तर अडथळा पुढच्या सामाईक पाइपात किंवा चेंबरमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या वाटेवरील झाकण असलेल्या खड्ड्यात, आहे असे समजावे. इमारतीत तळमजल्याच्या घराला याचा त्रास सर्वांत आधी होतो, कारण वरच्या मजल्यांचे पाणी तेथेच उसळते. अशा वेळी वरच्या घरांना वापर थांबवायला सांगून खालचे चेंबर उघडून पाहणे, हेच पहिले काम असते. चेंबर कोरडे असेल, तर अडथळा त्याच्या अलीकडे, आणि भरलेले असेल, तर पलीकडे.

एकाच भांड्याचा प्रश्न असेल, तर अडथळा बहुतेक वेळा ट्रॅपमध्ये सापडतो. ट्रॅप म्हणजे भांड्यानंतर पाइपाला दिलेला वाक. त्यात साधारण 50 मिलिमीटर उंचीचे पाणी कायम उभे राहते आणि ते गटारातील वायू घरात येऊ देत नाही. वासाला अडवणारा हाच वाक कापड, प्लास्टिक आणि चुकून पडलेली साबणाची वडी यांनाही अडवतो.

येथे रबरी पंप, म्हणजे प्लंजर, उत्तम काम करतो. मात्र तो नीट वापरला पाहिजे. कमोडसाठी खाली आणखी एक कड असलेला आणि भारतीय पद्धतीच्या भांड्यासाठी साधा वाटीसारखा प्लंजर घ्यावा. रबर पूर्ण बुडेल एवढे पाणी भांड्यात हवे. कमी असेल तर ओतावे, काठोकाठ असेल तर मगाने उपसावे. पहिला दाब अगदी हळू द्यावा, म्हणजे रबरात कोंडलेली हवा निघून जाते आणि पाणी अंगावर उडत नाही. त्यानंतर रबराची पकड न सोडता दाबणे आणि ओढणे सलग चालू ठेवावे. बहुतेकांचा सगळा जोर दाबण्यावर असतो, पण अडकलेली वस्तू सैल होते ती ओढण्याने, आणि ती मागे आली तर पुढच्या पाइपात जाऊन बसण्याचा धोकाही टळतो. हातमोजे घालून ती बाहेर काढावी. अडथळा केवळ मळाचा किंवा कागदाचा असेल, तर भांडी घासण्याचा द्रव साबण आणि हाताला सोसेल इतके गरम पाणी ओतून तासभर थांबल्यानेही काम होते. उकळते पाणी ओतू नये. चिनी मातीचे भांडे तडकू शकते.

आता ॲसिडविषयी. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्षाराचे पांढरे थर विरघळवते, पण सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स किंवा केसांचा गुंता त्याने विरघळत नाही, आणि संडास तुंबतात ते प्रामुख्याने अशाच वस्तूंनी. सिमेंटचे सांधे आणि चेंबरचा गिलावा मात्र त्याने खाल्ला जातो. आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल, तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू तयार होतो, जो बंद संडासात जीवघेणा ठरू शकतो. शिवाय नंतर येणाऱ्या प्लंबरचे हात त्याच पाण्यात जाणार असतात, याचा विचार फारसा कोणी करत नाही. ॲसिड ओतलेच असेल, तर ते त्याला आधी सांगावे.

सेप्टिक टाकी असलेल्या घरात, विशेषतः कोकणात, पावसाळ्यात भांड्यातून पाणी उतरेनासे झाले, तर टाकीचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याभोवतीची जमीन पाण्याने भरलेली असण्याची शक्यता मोठी असते. तेथे प्लंजर निरुपयोगी आहे. टाकी गाळाने भरली असेल, तर उपसा करणारी गाडीच बोलवावी, आणि कोणत्याही कारणाने माणसाला टाकीत उतरवू नये. आत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणार्धात बेशुद्ध पडतो. सुरक्षा साधनांशिवाय टाकी साफ करवून घेणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘पाच मिनिटांचे काम आहे, उतरतो’ असे तो माणूस स्वतःहून म्हणाला, तरीही नाहीच म्हणावे आणि गाडी येईपर्यंत शेजाऱ्यांचा संडास वापरावा.