आठवी आज्ञा आणि आमचा शेजार

‘तुम्ही ख्रिस्ती. तुमच्या चर्चमध्ये बॉम्ब फोडणारे मुसलमान. तरी तुमचं त्यांच्याशी एवढं जमतं कसं? आणि त्यांच्या कट्टरपणाबद्दल तुम्ही बोलत का नाही?’ गोव्यातल्या फोंड्यात माझ्या हिंदू मैत्रिणी हे विचारतात, आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर आमचेही लोक विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

‘शत्रूवर प्रीती करा’ हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. ती प्रीती मला रोज साधत नाही. पण बायबलमधल्या दहा आज्ञांमधली आठवी आज्ञा रोज पाळता येण्यासारखी आहे: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. मुसलमानांशी कसं वागायचं याचं माझं उत्तर या आज्ञेतून येतं. शेजाऱ्यानं जे केलं नाही ते त्याच्या माथी मारायचं नाही, हा तिचा एक अर्थ. जे घडलं ते झाकायचं नाही, हाही तिचाच अर्थ.

म्हणून आधी घडलेलं बोलते. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. श्रीलंकेत तीन चर्च आणि तीन मोठ्या हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले, अडीचशेहून जास्त माणसं गेली. सगळ्यात जास्त नेगोंबोच्या सेंट सेबास्टियन चर्चमध्ये. आम्हां गोंयकारांना ती बातमी परक्या देशातली वाटलीच नाही. बाणावलीत जन्मलेले आमचे संत जोसेफ वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले आणि तिथली मोडकळीला आलेली ख्रिस्तसभा त्यांनी पुन्हा उभी केली. त्यांचा जन्म १६५१ चा, तारीख २१ एप्रिलच. त्यांच्या जन्मदिवशी त्यांचीच लेकरं प्रार्थनेला आली असताना मारली गेली.

मारणारे मुसलमान होते, आणि आपण धर्मासाठी मारतोय असं ते मानत होते. ‘याचा धर्माशी काही संबंध नाही’ असं म्हणून मी हात झटकत नाही. ते लोक कुराणाचं नाव घेत होते. त्या नावाखाली तरुण पोरांना कुणी काय शिकवलं, याचा जाब विचारायलाच हवा. पण हे अर्धंच झालं. स्फोटांचा म्होरक्या झहरान हाशिम ज्या काट्टनकुडी गावचा, तिथल्या मुसलमानांनीच त्याच्याविरुद्ध आधी तक्रारी केल्या होत्या. त्या कुणी मनावर घेतल्या नाहीत. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती बाईला ईशनिंदेखाली फाशी सुनावली, तेव्हा तिची बाजू घेतली म्हणून ४ जानेवारी २०११ ला पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकानं गोळ्या घातल्या. तासीर मुसलमान होते. आमच्या एका बाईसाठी ज्यानं जीव दिला, त्याचं नाव गाळून मी कट्टरपणाची गोष्ट सांगितली तर तीही खोटी साक्षच.

आता शेजारचं. आमच्या घराला लागून एक मुसलमान कुटुंब राहतं. भाईंचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ते आणि मी आपापल्या गेटपाशी येतो, पाव घेतो, दोन शब्द बोलतो. त्या ईस्टरनंतर भाई दिसेनात. पाव घ्यायला धाकट्या मुलाला पाठवायचे, तोही मान खाली घालून घाईनं आत पळायचा. शेवटी मीच गेले. भाभी दारात आल्या, मला खुर्ची दिली, स्वतः मात्र उभ्याच राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, ‘टीचर, तुमच्या मुखार येवपाक लज दिसता.’ मी म्हटलं, ‘भाभी, तुमी कितें केलां?’

हे मी त्यांना धीर द्यावा म्हणून बोलले नव्हते. मला खरंच त्यांच्याकडून उत्तर हवं होतं, आणि त्यांच्याकडे ते नव्हतं, कारण त्यांनी काही केलंच नव्हतं. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ख्रिस्ती मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं यांना जीपमध्ये झोपेत जाळलं. जाळणाऱ्यांनीही धर्माचंच नाव घेतलं होतं. त्या आठवड्यात फोंड्यातल्या एकाही हिंदू शेजाऱ्याला माझ्यासमोर यायची लाज वाटली नाही. वाटायचं कारणही नव्हतं. मी कुणाकडे खुलासा मागितला नाही, मागायचं मनातही आलं नाही. मग भाभींनी का द्यावा? आज हा प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणींना मी हेच विचारते. त्या गप्प होतात, काही जणी रागावतात. रागावल्या तरी चालेल, पण त्यांनी यावर विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

आणि खुलासे मागायचेच ठरवलं, तर सगळ्यात आधी आम्हाला द्यावे लागतील. २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं गोवा पुन्हा जिंकलं, आणि नंतर शहरातल्या मुसलमानांची सरसकट कत्तल केली, बायकामुलांसकट. हे त्यानं स्वतःच आपल्या राजाला अभिमानानं लिहून कळवलंय. तो दिवस सेंट कॅथरीनच्या सणाचा, म्हणून जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्या नावानं आहे. तिथं मी लहानपणापासून गुडघे टेकत आले. संत माझी, चर्च माझं, आणि त्या नावामागची कत्तलही मला ठाऊक असायला हवी. पुढं १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या संशयावरून लोकांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, चाललं. जोसेफ वाझ श्रीलंकेत भिकाऱ्याच्या वेषात उतरले ते कुणाच्या भीतीनं? कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घालणाऱ्या डचांच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्याच! पुढं त्यांना आसरा दिला कँडीच्या बौद्ध राजानं. आधी हेर समजून कैदेत टाकलं, पण माणूस ओळखल्यावर मोकळं केलं आणि सांभाळलं.

सख्य म्हणजे सगळं एकच मानणं, असं मात्र मी म्हणणार नाही. भाईंशी माझं यावर बोलणं होतं. कुराणात मरियमच्या नावाचा एक आख्खा अध्याय आहे, ईसाला ते मोठा पैगंबर मानतात, हे ते मला कौतुकानं सांगतात. पण ईसा क्रुसावर मेला नाही, असंही त्यांचा ग्रंथ सांगतो. माझ्या श्रद्धेत तर तो क्रूसच मध्यावर आहे. प्रभू येशू माझ्यासाठी मेला आणि पुन्हा उठला, हे मी त्यांच्यापुढे आवाज न चोरता सांगते. ते मान हलवतात, ‘अल्ला आपल्या पैगंबराची अशी विटंबना होऊ देणार नाही’ म्हणतात. तिथं आम्ही थांबतो. माझी श्रद्धा त्यांच्यापासून लपवून ठेवली असती, तर ती मैत्री मला पोकळ वाटली असती.

क्षमेबद्दलही विचारलं जातं. कोलंबोचे कार्डिनल माल्कम रणजित यांनी स्फोटांनंतर आपल्या लोकांना सांगितलं, मुसलमानांच्या अंगाला हात लावू नका. पुढच्या ईस्टरला त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. आणि तरीही ‘यामागे कोण होतं, सूचना मिळूनही सरकार का हललं नाही’ हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना निष्काळजीपणाबद्दल दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली. क्षमा केली म्हणजे चौकशी सोडली, असं कार्डिनलनी कुठंच मानलं नाही. मला ही वाट पटते.

राहिला आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप. स्फोटांच्या आठवड्यात तिथं एका मिरवणुकीचा व्हिडिओ आला, खाली ‘बघा, कसा आनंद साजरा करतायत’. मी लिहिलं, कुठला आहे, कधीचा आहे, कुणी काढला? कुणालाच माहीत नव्हतं. मग आठवी आज्ञा तिथं लिहिली. ज्या मावसभावानं तो टाकला होता, तो ग्रुप सोडून गेला आणि लग्नकार्यात अजूनही मला टाळतो. तसे व्हिडिओ अजून येतात, आणि मी तेच तीन प्रश्न विचारते. हल्ली माझ्याआधी माझी भाची विचारते.