थंडी आली की चॉकलेट खायचं

आमच्या वरुडकडे (अमरावती जिल्ह्यात) चांगलं चॉकलेट खायचा टाइम म्हणजे हिवाळा, उन्हाळ्यात नादी लागूच नका. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात अन् चॉकलेटमधलं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतलं तूप, ३४ अंशाच्या आसपासच वितळते, म्हणजे दुकानातून घरी येईस्तोवर वडीचा लगदा, मग तो फ्रीजमधे घट्ट केला की वरून पांढुरका पडते अन् घरचे म्हणतात बुरशी आली, फेकून दे. बुरशी नसते बाप्पा ती! आतलं कोको बटरच वर येऊन गोठलेलं असते, खाल्लं तं काही होत नाही, फक्त मोडतानाचा तो कडक टक आवाज जाते अन् चकाकी जाते.

भाऊ नागपूरहून येताना ७० टक्के कोकोवालं डार्क चॉकलेट आणते. कोको काही सगळा परदेशातूनच येते असं नाही, केरळात इडुक्कीकडे होते, आंध्रात गोदावरीकडच्या नारळाच्या बागांत होते. बाबा किंमत पाहून म्हणाले, "एवढ्यात तं पेढे आले असते घरभर." आले असते, खरं आहे. पण पेढे एका बसण्यात संपतात, याची एक चौकोनी वडी रात्री जेवण झाल्यावर पुरते, फक्त चावायची नाही. जिभेवर ठेवायची, टाळूला हलकी दाबायची अन् गप बसायचं. आधी कडू लागते, मग थोडं आंबूस, अन् पार विरघळत आलं की कुठूनतरी मनुकांसारखी चव येते, ती चव घाईत खाणाऱ्याला भेटतच नाही.

घेताना पाकिटामागचं वाचा. कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, म्हणजे डालड्यासारखं वनस्पती तूप, लिहिलं असेल तर टाळूला मेणचट थर बसते, त्यापेक्षा वर्ध्याचा गोरसपाक, म्हणजे तिथलं तुपातलं बिस्किट, चहासोबत खाल्लेला कधीही बरा.

अन् दिवाळीनंतर आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या झाडांचा) संत्रा निघाला की हे नक्की करून पाहा, फोडीचं पातळ साल काढायचं, बी काढायची, तो रसाळ गर आधी खायचा अन् तोंडात आंबटगोड असतानाच वडी ठेवायची. वहिनीला डार्क चॉकलेट कडू म्हणून अजिबात चालत नव्हतं, आता संत्रा सोलायला घेतला की तीच म्हणते, "ते तुमचं कडूवालं काढा नं."

उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा हं, नाहीतर फ्रीजमधल्या लसणाच्या चटणीचा वास धरते ते.