त्या माळ्याला विचारायचं राहिलं

"अगं, त्याला विचार ना, हे कांदे किती खोल लावतात?"

नेदरलँड्सच्या केउकेनहॉफ बागेत आई ट्युलिपच्या वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. निफाडची ती, अर्धं आयुष्य कांदा लावणीत गेलेलं. शेजारीच माळी सुकलेली फुलं खुडत होता.

मी म्हटलं, "आई, आधी फोटो काढू, ऊन आहे तोवर."

फोटो झाले. तोवर माळी हातगाडी घेऊन गेला होता.

रात्री खोलीवर मीच वाचून काढलं. दर वर्षी सुमारे ७० लाख कंद, तेही हाताने लावलेले. बाग उघडी जेमतेम आठ आठवडे. म्हणून एकाच वाफ्यात थर लावतात, उशिरा फुलणारे खाली, लवकरचे वर. एक बहर ओसरला की खालचा डोकं काढतो.

आईला सांगितलं तर झोपलेली उठून बसली. "लावणीला बायकाच असतात का गं तिथेही?"

मला माहीत नव्हतं. त्या माळ्याला नक्की माहीत असणार.

आईवडिलांना परदेश दाखवतो म्हणतो आपण. त्यांना काय बघायचंय, हे कधी विचारतो?

फोनमध्ये तिचे बेचाळीस फोटो आहेत. एकातही ती वाफ्याकडे बघत नाहीये.