मेमोवरची तारीख

२ ऑगस्ट २०२२, नागपंचमीचा दिवस. या दिवशी काही कापायचे नाही, चिरायचे नाही, म्हणून एका ताईंच्या घरातली चारही शिलाई यंत्रे बंद होती आणि केवळ त्यामुळेच कराडच्या माझ्या वकिली कार्यालयात यायला त्यांना संध्याकाळी सवड मिळाली होती. त्या शाळेच्या गणवेशांचे शिवणकाम घेतात. एका दुकानदाराने एप्रिलमध्ये माल उचलताना त्यांना १,८६,००० रुपयांचा, ११ एप्रिल ही तारीख घातलेला धनादेश दिला होता आणि तो दोनदा परत आला होता.

शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून त्यांनी धनादेश काढला, पण बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे धनादेश का परत आला हे सांगणारी बँकेची चिठ्ठी, काही केल्या सापडेना. शेवटी तो बिलबुकाच्या कोऱ्या पानांत, घामाने मऊ पडलेला, चौपदरी घडी घातलेला असा निघाला. खात्यात पुरेशी रक्कम नाही हे कारण अपेक्षितच होते. मी तारीख शोधत होतो. मेमो ४ जुलैचा होता आणि त्याच दिवशी तो त्यांच्या हाती आला होता.

धनादेश न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवली, तरच १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फिर्याद करता येते. कळल्याचा दिवस सोडून मोजले तर तिसावा दिवस ३ ऑगस्ट, म्हणजे दुसराच दिवस होता. एरवी धनादेशाची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर तो पुन्हा बँकेत भरता येतो आणि नव्या मेमोपासून नोटिशीचे दिवस नव्याने मोजता येतात. इथे ती वाटही जुलैतच बंद झाली होती. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते हे खरे, पण कोर्ट फी भरून तारखांमागे तारखा करणे चार यंत्रांच्या धंद्याला परवडत नाही.

“इतके दिवस का थांबलात?” असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, ते दर वेळी म्हणायचे, वहिनी, आठ दिवसांत देतो. वकिलाकडं गेले तर पुढच्या वर्षीचं काम जाईल, असं वाटलं.” ही भीड मी वीस वर्षे पाहतो आहे आणि तिच्यापायी बुडालेला पैसा आठवला की आजही जीव तुटतो.

नोटीस लिहायला बसलो, तर ताईंचा आग्रह की मागच्या वर्षीची २२,५०० रुपयांची बाकी आणि व्याजही त्याच आकड्यात मिळवावे. मागणी रास्त होती, तरीही मी ऐकले नाही. कलम १३८ च्या नोटिशीत मागणी धनादेशाच्याच रकमेची हवी. इतर येणी तिच्यात मिसळून एकच ठोक आकडा लिहिला, तर तेवढ्या एका कारणावरून फिर्याद फेटाळली जाऊ शकते. त्यामुळे आकड्यांत आणि अक्षरांत १,८६,००० एवढेच लिहिले आणि धनादेशाचा क्रमांक मी स्वतः तीनदा ताडून पाहिला.

३ ऑगस्टला सकाळी टपाल कार्यालय उघडताच एक पाकीट दुकानाच्या आणि दुसरे घरच्या पत्त्यावर, पोचपावतीसह रजिस्टर केले. खिडकीतून मिळालेल्या पावत्यांवरचा शिक्का पुसट उमटला होता, म्हणून मी तिथल्या कर्मचाऱ्याला विनंती करून तो पुन्हा मारून घेतला. पुढे न्यायालयात ३ ऑगस्ट ही तारीख त्याच पावत्यांनी सिद्ध करावी लागली असती.

नोटीस ५ ऑगस्टला पोहोचली. तिथून पैसे देण्यासाठी कायद्याने १५ दिवस मिळतात आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. मी फिर्यादीचा मसुदा तयार करूनही ठेवला होता. दहीहंडीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, ताईंच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा झाली.

उरलेल्या २२,५०० रुपयांसाठी आम्ही वेगळे पत्र पाठवले. त्या मालाच्या चलनावर, म्हणजे माल दिल्याच्या कागदावर, कोणाचीच सही नव्हती. दुकानातला मुलगा फोनवरच्या शब्दावर गठ्ठे घेऊन गेला होता. ते पैसे अद्याप आलेले नाहीत.